पुरुषपण समाजाने घडवलेलं असेल, तर नसबंदीच्या नावाने पोटात गोळा का येतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला तो कसा समजला ते सांगतो. तुमचं वय चौतीस. दोन मुली, धाकटी दीड वर्षाची. दोन्ही वेळा सिझर झालं, आणि बायकोचं हिमोग्लोबिन काही केल्या नऊच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, तिच्या पोटावर तिसऱ्यांदा सुरी लावण्यापेक्षा तुम्हीच नसबंदी करून घ्या. तुम्ही हो म्हणून आलात. घरी कळल्यावर आई म्हणाली, "माझ्या लेकाला खच्ची करायला निघालात का?" कट्ट्यावर मित्र हसले. आणि आता तुम्ही विचारताय, "पुरुषपण ही समाजाने रचलेली गोष्ट आहे असं सगळीकडे वाचतो. रचलेलीच असेल तर मला आतून भीती का वाटते?"

मी आरोग्य खात्यात सत्तावीस वर्षं काढली, आधी आरोग्यसेवक म्हणून आणि मग समुपदेशनाच्या कामात. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस पुरुष नसबंदीचा पंधरवडा यायचा, आणि त्या पंधरा दिवसांत मी गावोगाव हेच बोलत फिरायचो. त्यामुळे जे सांगतो ते पाहिलेलं आहे. तुमचं घर मात्र मी पाहिलेलं नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. शरीराचं काय होतं, हा एक. लोक काय म्हणतील, हा दुसरा. तिसरा तुम्ही लिहिला नाही, पण दोन मुली म्हटल्यावर तो असणारच. त्याच्याकडे शेवटी येतो.

शरीराचं लवकर उरकतो. आईंनी वापरलेला शब्द बैलाचा आहे. गोऱ्हा खच्ची करताना चिमट्याने त्याच्या अंडाकडे जाणारी नस आणि रक्तवाहिन्या चेचतात. अंड निकामी होतं, नराचं संप्रेरक तयार व्हायचं थांबतं, म्हणून बैल शांत होतो. नसबंदीत अंडाला हातच लागत नाही. तिथून शुक्राणू वाहून नेणारी बारीक नळी असते, तेवढी तोडून बांधतात. संप्रेरक नळीतून जात नाही, ते थेट रक्तात उतरतं. त्यामुळे दाढी, आवाज, इच्छा, ताठरता यांपैकी काही बदलत नाही. वीर्यही येतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के, बाकीचं सगळं दुसऱ्या ग्रंथींमधून येतं. बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून एक बारीक छिद्र पाडतात. पंधरा-वीस मिनिटांत माणूस चालत बाहेर येतो, दोन दिवसांनी हलकं काम करतो, आठवड्याने सायकल चालवतो.

बैलाची आणि माणसाची ही तुलना मी शेकडो वेळा सांगितली. शेतकऱ्याला ती लगेच पटते. पण पटलं म्हणून तो ऑपरेशनला येतो असं नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

एका हायस्कूलचे विज्ञानाचे शिक्षक होते. पुरुष प्रजनन संस्थेची आकृती ते फळ्यावर माझ्यापेक्षा सुबक काढत. त्यांना दोन मुलं, बायकोला दम्याचा त्रास. मी तीन-चार वेळा त्यांच्या घरी गेलो, आणि दरवेळी त्यांनी चहा पाजून मला वाटेला लावलं. शेवटी ऑपरेशनला बायकोलाच घेऊन आले. बाहेर बाकड्यावर माझ्या शेजारी बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मला सगळं माहीत आहे हो. पण गावात कळलं तर वर्गात उभा कसा राहू?"

त्या दिवसापासून मी आकृतीचे तक्ते गुंडाळून ठेवले. माहितीची कमतरता नव्हती. हे पुरुषपण त्यांच्या शरीरात नव्हतंच मुळी, ते चार लोकांच्या नजरेत होतं. लोकांनी दिलेली गोष्ट लोक काढूनही घेऊ शकतात. माणूस खरा धास्तावतो तो तिथे.

आता तुमचा मूळ प्रश्न. रचलेलं असेल तर आतून का वाटतं? देवळाच्या उंबऱ्याशी पाय आपोआप थांबतो आणि चप्पल निघते. तो नियम पायाच्या हाडात लिहिलेला नाही, कुणीतरी तीन-चार वर्षांच्या वयात शिकवला. पण आज चप्पल घालून आत जायला निघालात तर छातीत धडधडेल. धडधड खरी आहे आणि नियम माणसांनी केलेला आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. "समाजाने रचलेलं" म्हणजे खोटं किंवा वरवरचं असा अर्थ घेऊ नका. उलट जे लहानपणी घडवलं जातं ते फार खोल जातं.

कसं घडवतात ते तुम्ही स्वतः आठवून बघा. पडल्यावर "बाप्या माणूस आहेस ना, रडतोस काय बायकांसारखा?" भांडणातून माघार घेतली की "बांगड्या भर." लग्नानंतर बायकोचा कप उचलून मोरीत ठेवला की "बाईलबुद्ध्या." यातल्या प्रत्येक शिवीत पुरुष खाली पडतो तो बाईच्या जागेवर, आणि बाईची जागा खालचीच आहे हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. म्हणून मी सहकाऱ्यांना सांगायचो की पुरुषांशी बोलणं हे बायकांच्या प्रश्नाच्या बाजूला असलेलं काम नाही. बाईची जागा खालची मानणं थांबलं तर या शिव्यांना धारच राहणार नाही.

याहून भक्कम पुरावा हवा असेल तर हा घ्या. मूलबाळ झालेल्या बाईने ऑपरेशन केलं की कुणी म्हणतं का तिचं बाईपण गेलं? नाही. (मूल न झालेल्या बाईला काय काय ऐकावं लागतं ते वेगळं, आणि ते फार क्रूर आहे.) तिच्याही नळ्याच बांधतात, आणि त्यासाठी तिचं पोट उघडावं किंवा दुर्बिणीसाठी भोकावं लागतं. काम एकच, नळी बंद करणं. एकीकडे ते रोजचं बायकांचं काम, दुसरीकडे मर्दानगीवर घाला. हा फरक नळीत नाही, आपण नळीला दिलेल्या अर्थात आहे.

आणि हा अर्थ कायम असाच नव्हता. तुमच्या आईंच्या लहानपणी भारतात कुटुंबनियोजनाची बहुतेक ऑपरेशनं पुरुषांची होत. जुलै १९७१ मध्ये केरळात एर्नाकुलमला एका शिबिरात महिनाभरात सुमारे ६३ हजार पुरुषांनी नसबंदी करून घेतली. पैसे आणि वस्तूंचं आमिष होतं, ते लपवायचं कारण नाही. पण शरमेने कुणी मेलं नाही. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली, त्यातली कितीतरी धाकदपटशाने. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पुढच्याच वर्षी पुरुषांचा आकडा दोन लाखांच्या आसपास घसरला. कुटुंबनियोजन खात्याचं नाव बदलून कुटुंबकल्याण झालं, आणि सरकारने पुरुषांना पुन्हा हात लावायचा नाही असं जणू ठरवूनच टाकलं. ऐंशीच्या दशकात दुर्बिणीची पद्धत पसरली आणि सगळा भार बायकांवर गेला.

मी नोकरीला लागलो तेव्हाही म्हातारी माणसं मला पाहून म्हणायची, "आला नसबंदीवाला, पोरांनो पळा." हसत म्हणायची, पण त्यात खरी जखम होती आणि मी ती कधी नाकारली नाही. सरकारने त्या पुरुषांवर अन्याय केला. पण त्या अन्यायाचं बिल गेली पन्नास वर्षं बायका भरताहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के जोडप्यांत बाईचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुषाचं ०.३ टक्के. महाराष्ट्रात बायकांचा आकडा निम्म्याच्या जवळ जातो आणि पुरुषांचा अर्ध्या टक्क्यापर्यंतही पोचत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली आणि त्यातल्या बारा-तेरा जणी गेल्या. अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावं लागलं. स्त्री-पुरुष न्याय हा शब्द ऐकून ज्यांना तो भाषणातला वाटतो, त्यांना मी विचारतो की या घरातली जोखीम कुणाच्या शरीरावर टाकलीय आणि ती कुणी ठरवली. न्यायाचं मोजमाप मी तिथून सुरू करतो.

तुमच्या घरी एक वाक्य नक्की निघेल, किंवा निघालंही असेल. "तो कर्ता पुरुष आहे, त्याला काही झालं तर घर कसं चालेल?" हे ऐकायला अगदी व्यवहारी वाटतं. पण बाईच्या ऑपरेशननंतर पूर्ववत कामाला दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस हंडे कोण उचलतं, धुणं कोण धुतं? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिवसभरात काही ना काही घरकाम करणाऱ्या बायका ८१ टक्के होत्या, पुरुष २६ टक्के. म्हणजे तिची विश्रांती बहुतेक घरांत कागदावरच राहते. टाके ओले असताना भाकऱ्या थापणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तिचं काम आपण काम म्हणून मोजतच नाही, म्हणून तिच्या आजारपणाने घराचा खोळंबा होतो हेही कुणाच्या हिशेबात येत नाही.

इथे एक अवघड गोष्ट आहे. पुष्कळदा बायकाच म्हणतात, "त्यांचं नको, माझंच करा." पहिल्यांदा मला वाटायचं ही नवऱ्यावरची माया. माया असतेच. पण एका बाईमुळे मला त्यामागचं दुसरं कारण कळलं, आणि त्यात चूक माझी होती.

तिच्या नवऱ्याने माझ्या सांगण्यावरून नसबंदी केली. नळी बांधल्यावरही पुढच्या भागात जुने शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, हा नियम. मी तो नवऱ्याला दवाखान्याच्या फाटकाशी, तो गाडीला किक मारत असताना सांगितला. बायकोला सांगितलाच नाही. दोन महिन्यांनी तिला दिवस गेले. "माझं तर ऑपरेशन झालंय," असं म्हणून त्याने तिला माहेरी पाठवून दिलं. मला कळलं तोवर दीड महिना उलटला होता. डॉक्टरांना घेऊन मी त्या घरी गेलो, पाटावर बसून कागदावर नळी काढून दाखवली, चूक माझी आहे असं सासऱ्यांसमोर सांगितलं. ती परत आली. पण तो दीड महिना तिने काय सोसलं असेल, ते मी कुठल्या कागदावर भरून देणार होतो?

तेव्हा मला समजलं की बायका "माझंच करा" का म्हणतात. त्याचं ऑपरेशन फसलं तर बोट तिच्या चारित्र्याकडे जातं. तिचं फसलं तर फक्त डॉक्टरांकडे. पोटावर वार झेलणं तिला त्या संशयापेक्षा स्वस्त वाटतं. घडवलेलं पुरुषपण आणि न्याय यांचा संबंध यापेक्षा नेमका मला कुठल्या व्याख्यानात सापडला नाही. पुरुषाची इभ्रत बाईच्या शरीरावर राखण ठेवून सांभाळली जाते, म्हणून त्याने जबाबदारी घेतली तरी धोका तिच्याच वाट्याला येऊ शकतो.

तेव्हा पुढे जायचं ठरवलंत तर तीन महिन्यांची गोष्ट बायकोसमोर, दोघं एकत्र बसून ऐका. तपासणीत शुक्राणू नाहीत असा अहवाल आला की मगच प्रमाणपत्र मिळतं. तो कागद तिच्याकडे ठेवायला द्या. त्यानंतरही अगदी क्वचित नळी पुन्हा जुळते. "तसं झालं तर आधी माझी तपासणी होईल," असं आजच तिला सांगून ठेवा. शक्य झालं तर आईंच्या कानावरही घाला.

माझंही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं परक्याला उपदेश केल्यासारखं होईल. आमच्या घरी ऑपरेशन बायकोचंच झालं. मी तेव्हा नोकरीत नवा होतो, नियम तोंडपाठ होते, आणि हा प्रश्न आमच्यात निघालासुद्धा नाही. तिने विचारलं नाही, मी सुचवलं नाही. पुढे एका गावात एका म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, तुम्ही केलीय का?" मी खरं उत्तर दिलं, आणि त्या गावातून एकही माणूस आला नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण गावाने केलं ते बरोबर होतं.

आता आईंकडे येऊ. "खच्ची" हा शब्द त्यांनी वापरला असला तरी त्यांच्या मनात नातू असण्याची शक्यता मला जास्त वाटते. माझ्या अनुभवात दोन मुलगे असलेल्या घरात आई एवढी रडत नाही. हे तुमच्या घरी खरं आहे की नाही ते तुम्हीच ओळखू शकाल. एकदा त्यांना एकटीला विचारा, "आई, थोरलीनंतर मुलगा झाला असता तर तू हो म्हणाली असतीस का?" उत्तर हो आलं, तर नळी आणि संप्रेरकं समजावत बसू नका. मग बोलणं मुलींबद्दल करावं लागेल. त्यांच्यावर रागावूही नका. ज्या बाईला मुलगा झाला म्हणून घरात मान मिळाला, ती सुनेसाठी त्याच मापाने काळजी करणार. पुरुषपण सांभाळायला पुरुषच लागतात असं नाही, कितीतरी घरांत ते काम आयांकडे सोपवलेलं असतं.

आणि हाच प्रश्न स्वतःलाही विचारा, अगदी प्रामाणिकपणे. मनाच्या कोपऱ्यात "अजून एक संधी" असेल तर आत्ता ऑपरेशन करू नका. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री कुणी देत नाही, म्हणून ते कायमचं समजूनच करायचं. दोघांपैकी एकाचंही मन डळमळत असेल तर तांबी आहे, निरोध आहे, गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलता येईल. तुमच्या बायकोला रक्त कमी आहे, त्यामुळे पाळी जास्त जाऊ शकणारी तांबी तिला चालेल की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावं. मी वर न्यायाचं एवढं बोललो, पण दडपणाखाली केलेली नसबंदी मला कुणाचीच नको. आणीबाणीने तो धडा दिलाय.

आणखी एक सांगतो, कारण चांगल्या मनाचे पुरुष इथेच घसरतात. एका गृहस्थांनी नसबंदी केली आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक भांडणात बायकोला ऐकवलं, "तुझ्यासाठी कापून घेतलं मी." मर्दानगी त्यांनी सोडली नव्हती, त्यागाच्या नावाखाली ती दुप्पट करून घेतली होती. तुमच्या बायकोने दोन वेळा पोट फाडून घेतलं त्याची पावती तिने कधी मागितली नाही. तुम्हीही मागू नका.

मित्रांचं काय? हे तुमच्या गावावर आणि मित्रांवर अवलंबून आहे. सगळ्यांना सांगितलंच पाहिजे असा नियम नाही, ही तुमची खाजगी बाब आहे. पण मी पाहिलंय की चेष्टा करणाऱ्या चौघांत एक जण नंतर एकटा गाठून विचारतो, "खरंच दुखत नाही का रे?" त्याच्या घरीही कुणीतरी आजारी असते. पुरुषांत ही कुजबूज फार उशिरा आणि फार हळू होते, पण माझ्या भागात जे पुरुष आले ते तक्ते पाहून आले नाहीत, आधी करून आलेल्या कुणाला तरी विचारून आले. तुम्हाला जमेल तेव्हा, जमेल त्याला सांगा.

व्यवहाराचं राहिलं. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ऑपरेशनला जोडीदाराची सही नियमाने लागत नाही. कुणी अडवलं तर तसं सांगा, पण तुम्ही दोघं मिळूनच जा. धाकटीचा जन्म १ एप्रिल २०२३ चा किंवा त्यानंतरचा असेल आणि शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असेल तर अंगणवाडीत 'लेक लाडकी' योजनेची चौकशी करा. दुसऱ्या बाळंतपणानंतर ऑपरेशनची अट तिथे आहे, ती आई किंवा वडील कुणीही पूर्ण करू शकतं. अर्ज भरून घेणारे गृहीत धरतात की आईनेच, तेव्हा तुम्ही आधी सांगा. ऑपरेशनच्या दिवशी घट्ट लंगोट किंवा आतली चड्डी घेऊन जा, परत येताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या. ताप आला, सूज वाढत गेली किंवा रक्त थांबलं नाही तर त्याच दिवशी परत जा, घरी वाट बघत बसू नका. आणि घरी आल्यावर दोन दिवस आईच तुम्हाला अंथरुणावर जेवण आणून देतील, बघा. तिसऱ्या दिवशी उठून चहा तुम्ही ठेवा, त्यांच्यासाठीसुद्धा.